अडीच हजारांतली शिल्लक

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान घेणाऱ्या दिव्यांग माणसानं पोस्टात आरडी उघडली, तर त्याचं अनुदान बंद होतं का? पाचोऱ्यात, आणि पाचोऱ्यासारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, हा प्रश्न सेतू केंद्राच्या रांगेत विचारला जातो आणि त्याचं उत्तरही रांगेतलंच कुणीतरी देऊन टाकतं. त्याच प्रश्नावरचा हा संवाद. आप्पा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं निरनिराळ्या तहसिलींच्या संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या, शाखेत गेली. ताई त्यांच्या गल्लीतली, वय तीस, पोलिओनं एक पाय अधू, शिवणकाम करते आणि महिला बचत गटाचं दप्तर सांभाळते. दोघं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे नियम आणि दर मात्र खरे आहेत.

आप्पा : तू गटातल्या बायकांना आरडी उघडायला लावते म्हणे. अनुदान घेणाऱ्या बायकांनासुद्धा. मला हे काही पटलं नाही, बेटा. ज्याचं महिन्याचं भागत नाही त्याच्यासाठी हे पैसे आहेत. त्यातून पाचशे रुपये बाजूला पडत असतील, तर तेवढी गरज नव्हती असाच अर्थ निघतो.

ताई : आप्पा, गरज दर महिन्याला सारखी येते असं कुणी सांगितलं? तेल-मीठ दर महिन्याला लागतं. पण तीनचाकीचं टायर, कॅलिपरचा तुटलेला पट्टा, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी जळगावच्या सिव्हिलला खेपा, हे खर्च येतात तेव्हा एकदम येतात. त्या वेळी हातात काही नसलं तर शेकडा पाच रुपये महिन्यानं उसने घ्यावे लागतात. पाचशे बाजूला टाकणारी बाई पोटाला चिमटा घेऊन टाकते. तिला श्रीमंत कसं म्हणता?

आप्पा : श्रीमंत म्हणत नाही. पण सरकारी पैशाला हिशेब असतो.

ताई : मग हिशेबाचंच सांगा. तुम्ही शाखेत बसलेले. अनुदानाच्या अटींत बचतीला मनाई आहे का?

आप्पा : नाही. खरं ते सांगतो. योजना 1980 ची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न इतर निराधारांसाठी 21,000 रुपयांच्या आत, दिव्यांगांसाठी 50,000 च्या आत. अट उत्पन्नाची आहे. बँकेत शिल्लक किती असावी याची अट नाही. केंद्राची दिव्यांग पेन्शन वेगळी. तिला दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि 80 टक्के अपंगत्व लागतं, आणि केंद्र त्यात 300 रुपये घालतं.

ताई : म्हणजे पासबुकात दहा हजार दिसले म्हणून नाव कापता येत नाही.

आप्पा : नियमानं नाही.

ताई : तरी बाया काय करतात? अनुदान जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी खातं रिकामं. खात्यात पैसे दिसले तर सरकार म्हणेल हिला गरज नाही, ही भीती. ते पैसे मग भिशीत जातात, नाहीतर चुलीमागच्या डब्यात. याच जळगाव जिल्ह्यात बीएचआर पतसंस्थेत लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, 2015 मध्ये तिथं अवसायक बसला, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी माणूस पोस्टाला सोडून भिशीकडे जातो, कारण भिशी कुणाला दिसत नाही.

आप्पा : भीती उगाच आलेली नाही. दरवर्षी हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी, केवायसी. एक कागद राहिला की दोन-तीन महिने पैसे थांबतात. थांबण्याचं कारण कुणी सांगत नाही, मग लोक आपापलं कारण शोधतात. शेजारीण म्हणते, तू आरडी काढली ना, म्हणून थांबलं.

ताई : हे तुम्ही कबूल केलं, बरं झालं. आता दुसरी बाजू बघा. बचतीच्या योजना आम्हाला घेतात का? घेतात. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही. पोस्टाची आरडी महिना 100 रुपयांपासून. पीपीएफ वर्षाला 500 पासून. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी वर्षाला 250 पासून. यांतली एकही योजना विचारत नाही की तू अनुदान घेते का. अटल पेन्शनला वय 18 ते 40 लागतं, आणि ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्याला प्रवेश नाही. आमच्या गटात आयकर भरणारं कोण सापडणार?

आप्पा : श्रमयोगी मानधनही आहे.

ताई : हो, 2019 ची. असंघटित कामगार, महिन्याचं उत्पन्न 15,000 पर्यंत, वय 18 ते 40. शिवणकाम करणारी मी त्यात बसते. तिसाव्या वर्षी शिरलं तर महिन्याला 105 रुपये माझे आणि 105 सरकारचे. साठीनंतर महिन्याला 3,000. अटल पेन्शनमध्ये तिसाव्या वर्षापासून 577 रुपये भरले तर साठीनंतर 5,000.

आप्पा : आणि आरडीचं?

ताई : महिन्याला 500 भरले की पाच वर्षांत 30,000 जातात. सध्याच्या 6.7 टक्क्यांनी हातात 35,683 येतात. व्याज 5,683, वर्षाला सरासरी अकराशेच्या घरात. या अकराशे रुपयांनी पन्नास हजारांची मर्यादा कुठली ओलांडली जाणार?

आप्पा : नाही ओलांडली जाणार. व्याज उत्पन्नात धरलं तरी नाही. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 7.4 टक्के मिळतात. नुसत्या व्याजावर वर्षाला 50,000 हवे असतील तर पावणेसात लाख रुपये गुंतवावे लागतील. ज्याच्याकडे पावणेसात लाख आहेत त्याला मी दारातूनच परत पाठवीन, आणि तूही पाठवशील.

ताई : पाठवीन. त्यावर आपलं भांडण नाही.

आप्पा : मग भांडण कशावर आहे?

ताई : बचत आज कुणी अडवत नाही. ती पिकेल तेव्हा अडवतील, यावर. हिशेब करून बघा. मी तीस वर्षं अटल पेन्शन भरली. साठाव्या वर्षी महिन्याला 5,000 सुरू झाले, म्हणजे वर्षाला 60,000. निराधारची मर्यादा तेव्हाही 50,000 च असली, तर मी बाद. श्रमयोगीचे 3,000 घेतले तर वर्षाला 36,000. मी निराधारमध्ये राहीन, पण पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेत जायचं म्हटलं की तिथली मर्यादा 21,000. तिथं बाद. एक खातं म्हणतं म्हातारपणाची सोय कर, मी निम्मे पैसे घालतो. दुसरं खातं म्हणतं, सोय केली ना, मग ये आता.

आप्पा : हे मला उलटं दिसतं. तुझी सोय झाली, मग तुझी जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. योजनेचा हेतू सफल झाला. माणूस जन्मभर यादीत राहावा म्हणून यादी नसते.

ताई : तीस वर्षांनंतरचे पाच हजार, आप्पा! याच योजनेत 2019 च्या आधी 600 रुपये मिळायचे, 2019 मध्ये ते 1,000 झाले, जुलै 2023 पासून 1,500, आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500. म्हणजे महागाई वाढते हे सरकारला कळतं. अनुदानाचा आकडा हलतो. मर्यादेचा आकडा मात्र वर्षानुवर्षं तिथंच. अटल पेन्शनचे पाच हजारही महागाईप्रमाणे वाढणार नाहीत. तेव्हा त्यात किराणा तरी येईल का?

आप्पा : मर्यादा जुनी झाली, हे मान्य. पण मर्यादा असू नये असं म्हणू नको. यादीत मी काय काय पाहिलं आहे. ट्रॅक्टर असलेले, मुलगा नोकरीला असलेले, चालत येऊन खिडकीजवळ लंगडणारे. एक बोगस नाव म्हणजे एका खऱ्या माणसाचं थांबलेलं अनुदान. पैसे शेवटी कुणाचे? जो पाचोऱ्याच्या बाजारात साबण घेतो त्याच्या करातून येतात.

ताई : साबण मीही घेते. कर मीही भरते.

आप्पा : बरं बाई, भरते.

ताई : बाहेरच्या देशांचं बघा. अमेरिकेत गरीब दिव्यांगांना जे मासिक साहाय्य मिळतं, त्यात माणसाकडे दोन हजार डॉलरच्या वर मालमत्ता असली की ते बंद. तो आकडा 1989 पासून हललेला नाही. लोकांनी आरडाओरड केली तेव्हा 2014 मध्ये कायदा करून दिव्यांगांसाठी वेगळं बचत खातं काढलं. त्यातले एक लाख डॉलरपर्यंत मोजत नाहीत. कॅनडानं 2008 मध्ये दिव्यांगांसाठी खास बचत योजना आणली. आपण भरलं की सरकार वरून भर घालतं, आणि गरिबानं काही भरलं नाही तरी थोडं घालतं. इंग्लंडमध्ये गरिबांच्या बचतीवर पन्नास टक्के बोनस देणारी योजना आहे, पण तिला थोडी तरी कमाई लागते. एप्रिल 2025 पासून एक पाउंडाची कमाई पुरते. ज्याला अपंगत्वामुळे कामच करता येत नाही तो त्या एका पाउंडापायी बाहेर.

आप्पा : म्हणजे आपण बरे! आपल्याकडे शिल्लकेची मर्यादा नाही, कमाईची अट नाही.

ताई : त्या एका बाबतीत बरे. पण ते कुणी ठरवून केलेलं नाही. शिल्लक मोजायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. आता अनुदान थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतं. उद्या कुणी म्हणालं की खात्यातली शिल्लकही बघा, तर बघायला एक बटण पुरेल. म्हणून मला लेखी हवं आहे की अल्पबचतीतली रक्कम आणि तिचं व्याज पात्रतेत धरलं जाणार नाही. आज जे मोकळं आहे ते कागदावर मोकळं राहू दे.

आप्पा : ही मागणी रास्त आहे. एका परिपत्रकाचं काम. तहसीलच्या फलकावर लावलं तर रांगेतली अर्धी भीती जाईल.

ताई : दुसरी गोष्ट लाडक्या बहिणीची.

आप्पा : ती बचत योजना कुठं आहे?

ताई : नाही, पण शिल्लक पडायची तर ती याच पैशांतून पडणार. जुलै 2024 ला योजना आली. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला 1,500. अट अशी, की दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर ही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्यांचे आकडे दिले, त्यांत निराधार योजनेच्या 2 लाख 30 हजार बाया होत्या. तेव्हा निराधारचे पैसेही 1,500 च होते. म्हणजे माझ्या घरात 50,000 च्या आत उत्पन्न आणि एक पाय अधू, मला 1,500. शेजारणीच्या घरात अडीच लाख आणि दोन्ही पाय धड, तिलाही 1,500. माझ्या अपंगत्वाची किंमत शून्य रुपये धरली.

आप्पा : दोन योजनांतून दोनदा पैसे नकोत, हे तत्त्व चुकीचं नाही.

ताई : तत्त्व असू द्या. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगाला इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मिळालं पाहिजे. कारण आम्हाला तेच आयुष्य जगायला जास्त खर्च येतो. जिथं तुम्ही चालत जाता तिथं मी रिक्षा करते. जून 2025 मध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले, दिव्यांगांना सहा हजार द्या म्हणून. सहा काही झाले नाहीत, सप्टेंबरात अडीच हजारांचा निर्णय झाला. आता फरक हजाराचा आहे, आणि त्या हजारातूनच माझ्या बायका पाचशे काढतात. हा हजार जगण्यासाठी जास्त लागणारा पैसा आहे. तो जपून वापरला म्हणून गरज कमी ठरत नाही.

आप्पा : इथं मी थोडा मागे येतो. ते पाचशे मी चैनीत धरत होतो. टायरचे आणि कॅलिपरचे पैसे बारा महिन्यांवर वाटून ठेवणं म्हणजे चैन नाही, हे बरोबर. पण तुझ्या गटातल्या सगळ्या बाया तुझ्यासारख्या सही करणाऱ्या. ज्याला बोलता येत नाही, समजत नाही, त्याच्या नावच्या बचतीचं काय? त्याचे पैसे भाऊ खातो. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ताई : मीही पाहिलं आहे. 2018 मध्ये अल्पबचतीच्या कायद्यात बदल करून दिव्यांगाच्या नावचं खातं चालवायची सोय केली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते देते. पण आई-बाप जिवंत असेपर्यंत कुणी त्या वाटेला जात नाही. नंतर खातं अडकतं, नाहीतर तुम्ही म्हणता तसं भाऊ चालवतो. तरी एक लक्षात ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की दिव्यांगाला आपला पैसा स्वतः सांभाळायचा हक्क इतरांइतकाच आहे. अंगठा उठवणाऱ्या आंधळ्या माणसाला "घरच्या कुणाला घेऊन या" म्हणून परत पाठवणं त्यात बसत नाही.

आप्पा : ठीक. आता मर्यादेवर ये. ती वाढवून किती करायची? लाख केली तर लाखाच्या रेषेवर हेच भांडण होईल.

ताई : होईल. म्हणून नुसती वाढवून भागणार नाही. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये आहे. घरातल्या एका माणसाची वर्षभराची मजुरी 160 दिवस भरली, तर 49,920. अनुदानाचे वर्षाचे 30,000 धरले की घरात 79,920 आले. एकशे एकसष्टाव्या दिवशी तो कामावर गेला की मजुरी 50,232 झाली, आणि 30,000 गेले. एका दिवसाच्या 312 रुपयांसाठी तीस हजार!

आप्पा : प्रत्यक्षात असं होत नाही.

ताई : का होत नाही?

आप्पा : कारण दाखल्यावर 50,232 कुणी लिहीतच नाही. दाखल्यावर 48,000 असतात, 49,000 असतात. मजुरी कुठं पावतीवर मिळते? माणूस सांगतो, तलाठी चौकशी करतो, अंदाजानं आकडा बसतो, आणि तो रेषेच्या आत बसतो. माझ्या टेबलावर गठ्ठेच्या गठ्ठे आले, रेषेच्या जरा वरचा दाखला क्वचित दिसला. सगळा महाराष्ट्र 49,000 कमावतो की काय, असं वाटावं.

ताई : मग ही मर्यादा कुणाला अडवते? ज्याला दाखला जमवता येतो त्याला अडवत नाही. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी आहे, ज्याची पेन्शन खात्यात नोंदली जाते, ज्याचं व्याज पासबुकात छापून येतं, त्यालाच अडवते. तुमचा ट्रॅक्टरवाला सुटतो आणि अटल पेन्शन भरणारी सापडते. जे कागदावर दिसतं तेच मोजायचं असेल, तर बाया पैसा कागदावर येऊ देणार नाहीत.

आप्पा : हा मुद्दा मी शाखेत असताना मला सुचायला हवा होता. बरं, तुझा उपाय काय?

ताई : रेषेवर एकदम दार लावू नका. मर्यादेच्या वर जितकं उत्पन्न, त्याच्या निम्मं अनुदानातून कापा. घरचं उत्पन्न 60,000 असेल, तर दहा हजार जास्त. वर्षाच्या 30,000 मधून 5,000 कमी. राहिले 25,000. उत्पन्न 1,10,000 ला गेलं की अनुदान आपोआप शून्य होतं. कमावणाऱ्याचं प्रत्येक जादा रुपयामागे थोडं तरी भलं होईल. मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे हलवा. स्वतः भरलेल्या पेन्शनचे पैसे आणि अल्पबचतीचं व्याज मोजू नका.

आप्पा : पहिलं नि दुसरं मला मान्य. तिसऱ्यावर माझी अट आहे. व्याज मोजू नका म्हटलं की ट्रॅक्टरवाला बायकोच्या नावावर नऊ लाख मासिक योजनेत टाकेल. तिथं एकाच्या नावावर तेवढे चालतात. त्याला छत घाल.

ताई : घालते. मुद्दल दोन लाखांपर्यंत सूट, पुढचं मोजा.

आप्पा : आणि टप्प्यानं कापायचं तर उत्पन्न अचूक मोजावं लागेल. अंदाजाच्या दाखल्यावर निम्मं-निम्मं कापणार कसं? साठ हजारवाला पुन्हा 49,000 च लिहून आणेल.

ताई : काही आणतील. पण आज खरं बोलणाऱ्याचे तीस हजार जातात, तेव्हा पाच जातील. तीस हजार वाचवायला माणूस तलाठ्याच्या मागे चार दिवस फिरतो, सेतूवाल्याला वरचे पैसे देतो. पाच हजारांसाठी तितका फिरणार नाही, आणि खरं सांगायला भिणारही नाही. दाखला खरा हवा असेल तर आधी खरं सांगणं परवडलं पाहिजे.

आप्पा : परवडलं पाहिजे, हे खरं. तरी दरवर्षीची तपासणी मी सोडणार नाही.

ताई : सोडू नका. तपासणी घरात येऊन करा, चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं बघा. फक्त पासबुकातली आरडीची नोंद पाहून नाव कापू नका. महिन्याचे पाचशे भरून जी बाई पाच वर्षं टिकली, तिला हिशेब ठेवता येतो एवढंच त्या नोंदीतून कळतं. तिच्याकडे किती आहे, ते त्यातून कळत नाही.